लिहायचं तर इथंच!

आमचे नाना सांगलीचे कथालेखक. वर्षातून एकदा तरी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला येतात. मुक्काम आमच्याकडे डोंबिवलीला, स्वप्नं मात्र शिवाजी पार्कची.

पहिल्या दिवसाचा क्रम ठरलेला. दादरला 'आयडियल'मध्ये पुस्तकं चाळायची, 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घ्यायचं, मग पार्काच्या कट्ट्यावर बसून वही उघडायची. वहीत ओळ उमटत नाही. चेहऱ्यावर अख्खी कादंबरी उमटते. "वातावरण लागतं रे," नाना म्हणतात, "लिहायचं तर इथंच!"

दुसऱ्या दिवशी फोर्ट. एशियाटिकच्या तीस पायऱ्या धापा टाकत चढले, की खांबांकडे बघून तेच वाक्य. वांद्र्याला साहित्य सहवासच्या फाटकाशी तर आवाजच जड होतो. "लेखकांची कॉलनी! नाहीतर आमचे शेजारी बघ. हळदीचे अडते!"

मग वॉचमनपाशी चौकशी : "इथं काही रिकामं आहे का हो?" वॉचमन एजंटाचा नंबर देतो. एकदा एजंटानं शिवाजी पार्कातल्या वन बीएचकेचा भाव सांगितला, "तीनच्या आसपास." नाना खुलले. वाड्यातला आपला हिस्सा विकला तर जमेल, असा हिशेब त्यांनी बसच्या तिकिटामागं मांडलासुद्धा. शिवाजी पार्कात 'कोटी' हा शब्द उच्चारायची पद्धत नाही, हे मी त्यांना परतीच्या लोकलमध्ये सांगितलं. कल्याण लोकलच्या त्या गर्दीत एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

तरी नाना हरत नाहीत. गिरगावातल्या चाळीत त्यांच्या एका मित्राचा मित्र पागडीच्या दोन खोल्यांना अजून शेकड्यांत भाडं भरतो. हे भाडं १९४७च्या कायद्यानं गोठलं, मालकही गोठला. "तसली एखादी बघून ठेव की माझ्यासाठी," ते मला बजावतात. जणू मी पिशवी घेऊन मंडईतच निघालोय.

भाड्याच्या जागा दाखवायला नेलं, तर डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, दलाली, कशाबद्दलही विचारत नाहीत. छताकडे बघतात आणि म्हणतात, "झोपाळा कुठं टांगायचा?" एजंट माझ्याकडे बघतो. त्याला काय सांगणार? नानांची प्रत्येक कथा सांगलीतल्या माजघरात, झोपाळ्यावर, काकूंचा दुसरा चहा पोटात गेल्यावर झालेली आहे.

काकूंचा विरोध नाही. "जा की खुशाल," त्या म्हणतात, "तेवढी डब्याची चौकशी करून ठेवा. मी काही यायची नाही."

नाना परत जातात आणि महिन्याभरात नवी कथा धाडतात. नायक हटकून शिवाजी पार्कला राहतो, खिडकीतून समुद्र दिसतो, दिवाणखान्यात झोपाळा असतो. भाडं मात्र आजवर एकाही नायकानं भरलेलं नाही.