खुंट की मरळ?

बास नावाचा अमेरिकी मासा आटगावच्या पाण्यात नाही, आणि माझ्या मेहुण्याची त्याबद्दल तक्रारही नाही. बासचं काम आमच्याकडे मरळ करते. तशीच दबा धरून बसायची सवय, तसाच हावरटपणा. तेव्हा डोंबिवलीचा हा गृहस्थ रविवारी पहिली कसारा लोकल पकडतो आणि खांद्याला नळकांडं अडकवून आटगावला उतरतो. फलाटावरच्या दूधवाल्यांना तो बरेच दिवस जमीन मोजायला आलेला वाटायचा.

आटगावला पाण्याची ददात नाही. एका अंगाला 1892 सालचं तानसा धरण, दुसऱ्या अंगाला भातसा; मुंबई पिते त्यातलं बरंचसं पाणी इथलंच. पण तानसाभोवती अभयारण्य, तिथे गळाचं नावही काढायचं नाही. आमचा कार्यक्रम असतो गावाला विचारून, एका लहानशा बंधाऱ्यावर. बंधारा झाला तेव्हा ओढ्याकाठचे ऐन आणि साग लोकांनी तोडून नेले, खुंट तेवढे पाण्याखाली राहिले. मरळीचा मुक्काम त्याच खुंटांत.

मेहुण्याच्या डब्यात रबरी मासे असतात, चपट्या शेपटीचे. अमेरिकेत निक क्रीम नावाच्या माणसाने 1949 साली रबरी गांडूळ काढलं, त्याची ही पुढची पिढी. अशा माशात गळ भरणं हे शांत माणसाचं काम. गळाची मान दोनदा वाकवलेली असते. टोक नाकातून आत घालायचं, जरा पुढे हनुवटीखालून बाहेर काढायचं, गळ ओढून फिरवायचा आणि वाकडी मान नाकात दडवायची. मग गळ माशाच्या अंगालगत नुसता धरून बाक कुठे येतो ते बघायचं. बरोबर तिथेच पोटातून टोक वर घालायचं आणि पाठीवरच्या खाचेत आडवं निजवायचं. गळाला पोटाशी शिसं असतं, त्याने मासा पाण्यात सरळ राहतो. टोक दोन सूत मागेपुढे झालं की रबर चुणतं, मासा पोहायचं सोडून गिरक्या घेतो आणि तंगुसाला पीळ बसतो. मेहुणा हे सगळं चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून करतो, सुईत दोरा ओवणाऱ्या आजीसारखं. "शर्टाचं बटण लाव म्हटलं की याचे हात थरथरतात," इति त्याची ताई, म्हणजे आमची सौ.

एवढा उपद्व्याप टोक लपलेलं राहावं म्हणून. मासा तळालगत खुंटांना घासत निघून येतो, अडकत नाही. मरळीने जबडा आवळला की रबर दबतं आणि टोक वर येतं. जबडा टणक, त्यामुळे हिसका सणसणीत हवा. खुंटाला लागलं तर मात्र हात सैल सोडायचा, कारण हिसका दिला की तेच टोक लाकडात रुततं. हाताला टक्‌ लागतं ते दोन्ही वेळेला सारखंच. करायचं ते नेमकं उलट, आणि तेही पापणी लवायच्या आत.

"भाऊजी, मोठी आहे! हलतसुद्धा नाही!" मेहुणा ओरडतो. खुंट कसा हलेल? बासचा जागतिक विक्रम 1932 साली जॉर्ज पेरीने जॉर्जियात केला, 22 पौंड 4 औंस. 2009 साली जपानच्या बिवा तलावात मनाबू कुरिताने तो गाठला. आमचा खुंट दोघांनाही भारी आहे. तंगूस तुटतं, मासा तळाशी राहतो. पुढच्या टक्‌ला मेहुणा शहाणा झालेला असतो. "खुंट आहे," म्हणत तो हात सैल सोडतो, आणि खुंट रबरी माशाची शेपटी तोडून चालता होतो. काठावर बसलेली वाडीतली पोरं तोंडावर हात धरतात.

पावसाळ्यात तो गळ लावत नाही. तेव्हा मरळ पिल्लं राखत असते. तिला उचललं की पिल्लं इतर माशांच्या तोंडी गेलीच म्हणून समजा. त्याची ही एक गोष्ट मला मनापासून पटते.

मे महिन्यात बंधारा आटतो आणि खुंट उघडे पडतात, अंगाखांद्यावर रंगीबेरंगी रबरी मासे मिरवत. पोरं ते सोडवून, धुऊन ठेवतात आणि मेहुण्यालाच विकतात. रबराची घाण पाण्यातून निघते, त्यामुळे हा व्यवहार चालू राहावा असं माझं मत आहे. गेल्या वर्षी भाव पाच रुपयाला एक होता. यंदा दहा, शेपटी शाबूत असेल तर पंधरा, गळाचे वेगळे.