कंपनीने लावलंय, उगाच नसेल

लॅपटॉप घेऊन पाच वर्षं झाली तरी त्यावरचा एकही स्टिकर न काढणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. डावीकडे इंटेल, शेजारी विंडोज आणि उजवीकडे रॅम, हार्डडिस्क, फुल एचडी असा सगळा बायोडेटा. घामाने कोपरे वळलेत, कडेला काळा चिकटा साचलाय, टाइप करताना त्यात मनगटावरचे केस अडकतात. काका वरून सेलोटेप मारतात.

पुतण्याने एकदा नुसतं नख लावलं, तर काका किंचाळलेच. "हात लावू नकोस! कंपनीने लावलंय, उगाच नसेल. वॉरंटी जाईल!"

वॉरंटी जाऊन चार वर्षं झाली होती.

आतही तोच कारभार. तीस दिवस फुकट चालणारा अँटिव्हायरस केव्हाच संपला. आता रोज संध्याकाळी 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशी लाल चौकट उगवते. काका ती बंद करत नाहीत. कोपऱ्यात सरकवतात आणि उरलेल्या जागेत पंचांग बघतात. कधीही न उघडलेला कँडी क्रश काढू का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. कंपनीने टाकलंय, उगाच नसेल.

उगाच नसतंच म्हणा! इंटेलने १९९१ साली 'इंटेल इनसाइड' मोहीम काढली आणि आपलं चिन्ह मिरवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातखर्चाचा वाटा उचलायला सुरुवात केली. आयतं सॉफ्टवेअर भरण्यातही पैसा असतोच. २००८ मध्ये सोनीने काही वायो लॅपटॉप या अडगळीशिवाय द्यायचे म्हणून वर ५० डॉलर मागितले होते. बोंबाबोंब झाल्यावर ती सोय मुकाट फुकट केली. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर सापडलं. ते सुरक्षित वेबसाइटच्या व्यवहारातही मध्ये तोंड घालायचं. २०१५ मध्ये प्रकरण अंगाशी आलं, तेव्हा ते काढायचं साधन लेनोवोलाच द्यावं लागलं.

पुतण्याने हे सगळं काकांना वाचून दाखवलं. काकांनी शेवटचं तेवढं ऐकलं.

"काढायचं साधन कंपनीने दिलं? मग तेही घालून ठेव."

वैताग येतो खरा. पण काकांचा पहिला संगणक असेम्बल्ड होता. पीएफमधून पैसे काढून घेतलेला. पेंटियम म्हणून दुकानदाराने आत सेलेरॉन बसवला, हे कळेपर्यंत दुकानाच्या जागी मोबाइलवाला आला होता. तेव्हापासून खोकं सीलबंद हवं आणि छापलेलं सगळं जागच्या जागी हवं.

परवा मुलीने त्यांना नवा लॅपटॉप आणला. देण्याआधी एक रात्र जागून हेअर ड्रायरने स्टिकर सैल करून काढले, खोबरेल तेलाने चिकटा पुसला, नको ती सॉफ्टवेअरं उडवली. काकांनी लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला, रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं आणि तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सेकंडहँड घेतलास का गं? घेतला असशील तर सांग, मला चालेल."