समृद्धीवरून आलेली गाडी कशी धुवावी

अभिनंदन. दुपारचं जेवण उरकून तुम्ही नागपूरहून निघालात, समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवलेत आणि मध्यरात्री आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुखरूप पोहोचलात. पाठ आखडली आहे, मुलं मागच्या सीटवर झोपली आहेत आणि घरातून ‘आधी डबे वर आणा’ असा आदेश सुटला आहे. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीच्या पुढे जाऊन उभं राहावंसं वाटतं. राहा. पण जे दिसेल त्याला हात लावू नका.

हीच पायरी पहिली, आणि बरेचसे नवशिके इथेच नापास होतात. बॉनेटवर काही सुकलेलं दिसलं की मराठी माणसाच्या उजव्या हाताचं नख आपोआप पुढे येतं. ‘बघू निघतंय का’ असं म्हणून महाराष्ट्रात आजवर किड्यांपेक्षा रंगच जास्त निघाला आहे. गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअरकोटचा थर असतो, आणि तो माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. किड्याचं बाहेरचं कवच कायटिनचं, म्हणजे चांगलंच कडक. त्यात रस्त्याची धूळ मिसळलेली. हे सगळं कोरडं घासलं की किडा तिथेच राहतो आणि चरे कायमचे पडतात. तेव्हा डबे वर न्या आणि झोपा.

पायरी दुसरी सकाळची: ओळखपरेड. ही गाळली तरी गाडी स्वच्छ होते, पण मग या कामात मजा काय उरली? फ्लोरिडा विद्यापीठातल्या मार्क हॉस्टेटलर यांनी गाडीवरच्या डागावरून किडा कसा ओळखावा यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं. पण पुस्तक तिकडच्या किड्यांचं. आपल्या हुमणीचा डाग ओळखायला आपणच बसायला हवं.

तर पहिल्या पावसाच्या सुमारास काचेवर ‘टक्’ असा खड्यासारखा आवाज झाला असेल, तर तो बहुधा हुमणीचा तपकिरी भुंगेरा. संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबाकडे, बाभळीकडे जाताना मध्ये तुमचा रस्ता आला. याची अळी उसाची मुळं खाते, त्यामुळे ऊसवाल्या पाहुण्यांना हा डाग दाखवलात तर ते चहा पाजतील. काचेवर नुसतेच पारदर्शक, लांबट पंख चिकटलेले आहेत आणि धड गायब आहे, तर ती पंख फुटलेली वाळवी. पंख टाकून देणं हा तिचा स्वभावच आहे, तुम्ही फक्त घाई केलीत. पावसाळा सरताना बंपरच्या जाळीत लांब शेपटीसारखं पोट आणि जाळीदार पंख अडकलेले दिसले, तर तो चतुर. हा पिवळसर असेल तर हळहळा, कारण या जातीचे चतुर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात म्हणतात, आणि याचा प्रवास सिंदखेडराजाच्या आसपास संपला. दिवाळीच्या सुमारास हिरव्या टिकल्यांची रांगोळी दिसली, तर ते तुडतुडे. तेलकट पिवळा फराटा आणि त्यात चंदेरी भुकटी असेल, तर पतंग. ती भुकटी म्हणजे त्याच्या पंखांवरचे खवले. हाच डाग सगळ्यात चिवट.

लाल ठिपका दिसला तर दचकू नका. किड्यांच्या अंगात आपल्यासारखं लाल रक्त नसतं. त्यांचा द्रव बहुतेक वेळा रंगहीन, पिवळसर नाहीतर हिरवट असतो. लाल असेल तर एक तर माशीच्या डोळ्यांचा रंग, नाहीतर पोटभर जेवून निघालेला डास. रक्त कोणाचं ते विचारू नका, टोलनाक्यावर काच खाली कोणी ठेवली होती ते घरात सगळ्यांना माहीत असतं.

आणि समजा काचेवर काहीच नाही? तर फार खूश होऊ नका. डेन्मार्कमध्ये एका शास्त्रज्ञाने १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं ठरावीक रस्त्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले, तेव्हा ते ऐंशी टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त कमी झालेले निघाले. ब्रिटनमध्ये तर लोक हौसेने नंबरप्लेटवरचे किडे मोजून कळवतात. आपल्याकडे नंबरप्लेटकडे फक्त वाहतूक पोलीस बघतात.

पायरी तिसरी: भिजवणे. सगळी विद्या इथे आहे. दूध करपलेल्या पातेल्यात रात्री पाणी घालून ठेवणारी बाई सकाळी जितक्या शांतपणे ते घासते, तितक्याच शांतपणे हे काम व्हायला हवं. एक जुना मोठा टॉवेल घ्या, पाण्यात थोडा कार शाम्पू घालून त्यात तो चिंब भिजवा आणि बंपर-बॉनेटवर पसरून ठेवा. गाडी सावलीत हवी, बॉनेट थंड हवं. दहा-पंधरा मिनिटं थांबा. या वेळात टॉवेल उचलून ‘झालं का’ म्हणून बघण्याचा मोह होईल. त्याऐवजी पेपर वाचा. मग टॉवेल उचला, पाण्याची धार सोडा आणि मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने, जोर न लावता पुसा. निम्मे किडे निघतील.

पायरी चौथी: तिसरी पायरी पुन्हा करा.

पायरी पाचवी: चौथीप्रमाणे. पतंगांसाठी सहावीही लागते.

फक्त एक लक्षात ठेवा. रात्री हात लावू नका म्हटलं, ते पुढच्या रविवारपर्यंत लावू नका असं नव्हे. मेलेला किडा कुजायला लागला की त्याचा द्रव आम्लधर्मी होत जातो, आणि वर ऊन बसलं की तो क्लिअरकोटमध्ये उतरतो. मग किडा निघतो पण त्याची आकृती राहते. एखाद-दोन दिवसांत काम उरका.

आता सर्वांत अवघड भाग: सल्लागार. तुम्ही टॉवेल पसरून उभे आहात म्हटल्यावर सोसायटीतले दोन-तीन जण येणारच. पहिले काका रॉकेल सुचवतील, आणि रॉकेल आता मिळत नाही याबद्दल दहा मिनिटं बोलतील. त्यांना बोलू द्या, तेवढाच टॉवेलला वेळ मिळतो. दुसरे गंज सोडवायचा स्प्रे आणून देतील. त्याने डाग सुटतो हे खरं, पण तेलकट थर मागे राहतो आणि तो काचेवर गेला तर रात्री समोरच्या गाडीच्या प्रकाशात काहीच दिसत नाही. तिसरे भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन येतील. त्यांच्याशी भांडण झालं तरी चालेल, पण घासणी गाडीला लागू देऊ नका. हेडलाइट तर काचेचे नसतातच, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचे असतात; त्यांना रॉकेलही नको, घासणीही नको. वॉचमनचं फडकं या सगळ्यांपेक्षा घातक. आधी धुतलेल्या प्रत्येक गाडीची वाळू त्यात जपून ठेवलेली असते.

पुढची काच मात्र खऱ्या काचेची, ती जास्त सोसते. तिथे शत्रू एकच, वायपर. हायवेवर एखादा मोठा पतंग फुटला की हात नकळत वायपरकडे जातो, पाण्याची टाकी रिकामी असते, आणि ठिपक्याचा धनुष्याकृती पडदा तयार होतो. निघण्याआधी टाकी भरा, आणि घरी आल्यावर वायपरचं रबरही ओल्या कापडाने पुसा. फास्टॅगची काळजी करू नका, तो काचेच्या आतून असतो.

जाळीच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतो. त्याच्या पत्र्या फार नाजूक. प्रेशरचं पाणी थेट मारलं तर दुमडतात. हलकी धार पुरे.

पुढच्या वेळेसाठी उपाय तीन आहेत. निघण्याआधी वॅक्स लावून ठेवा, किडे सहज सुटतात. दुसरा, दिवसा प्रवास करा. तिसरा, हळू चालवा. समृद्धीवर ताशी १२० ची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. या वेगाने नाकतोडाही दगडासारखा बसतो. हा तिसरा उपाय आजवर कोणी करून बघितल्याचं ऐकिवात नाही. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने दृष्ट लागत नसेलही, पण किडे लागतात, तीसुद्धा बदला.

टॉवेल गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा आणि त्याच्या कोपऱ्यावर मार्करने ‘गाडी’ असं ठळक लिहा. पाहुण्यांच्या टॉवेलांत तो पुन्हा सापडला, तर पुढची जबाबदारी तुमची.