यंदा काही जास्त करायचं नाही

वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या बेताचा विषय निघतो तो शेजारून आलेला दिवाळीचा फराळ संपता संपता. त्याचे पहिले वाक्य पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे: "यंदा काही जास्त करायचं नाही." ते घरातल्या सर्वांत थोरल्या बाईने उच्चारायचे असते आणि त्याला विरोध करायची रीत नाही. सुना माना डोलावतात. एखादा मुलगा भाबडेपणाने "बरोबर आहे, सगळं विकतच आणू" अशी पुस्ती जोडतो आणि तिथेच घात होतो. विकतच्या कुलकुलांचे नाव निघाले की आजीचे गुडघे दुखायचे थांबतात, ती चष्मा मागवते आणि मैद्यापासून यादी सांगू लागते. काम कमी करायला बसलेली ही बैठक गेल्या वर्षीपेक्षा एक तरी पदार्थ वाढवल्याशिवाय उठत नाही. नाताळच्या गप्पांचा मूळ नियम हाच; बाकीचे त्याचे पोटनियम.

या गप्पांचा मुलूख म्हणजे वसई तालुक्याचा पश्चिम पट्टा. गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी ही त्यातली काही गावे. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन असे ख्रिस्ती समाज इथे शेजारी शेजारी राहतात. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. दोनशे पाच वर्षांच्या त्या राजवटीतून मागे उरले ते तट, चर्च, आडनावे आणि स्वयंपाकातले व्हिनेगर. तट ढासळले, व्हिनेगर टिकले. मात्र ते किती घालायचे याबाबत दोन गावांचेच काय, दोन सख्ख्या जावांचेही एकमत नाही. त्यामुळे "आमच्याकडे असं नसतं" हे या दिवसांत सर्वांत जास्त वापरले जाणारे वाक्य आहे. नवी सून ते पहिल्या नाताळला मनात म्हणते, पाचव्या नाताळला हळू आवाजात म्हणते आणि पंधराव्या नाताळला तिच्या माहेरचा मांसाचा इंद्याल सासरची खासियत म्हणून पाहुण्यांना वाढला जातो.

बेत नोव्हेंबरात निघत असला तरी काम सुरू झालेले असते ते मे महिन्यात, भर उन्हात, बाटली मसाल्यापासून. काश्मिरी मिरची, धणे, तीळ, खसखस, मोहरी, गहू, हरभऱ्याची डाळ, हळकुंड, नागकेशर, दगडफूल, जायपत्री असे वीसहून अधिक जिन्नस वाळवून, भाजून, कांडून तो बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात. काच गडद असल्यामुळे उजेड लागत नाही आणि रंग-वास वर्षभर टिकतो. आमच्याकडे कुणी घेत नाही असे सांगणाऱ्या घरांतही बाटल्या कधी कमी पडत नाहीत. प्रमाण हे घरोघरचे गुपित आणि गुपित असल्यामुळे त्याची चर्चा बारा महिने चालते. मावशी भाचीला सगळे जिन्नस सांगते, एक सोडून. भाचीला ते कळते. ती जावेला सांगताना आणखी एक गाळते. या हिशेबाने तीन पिढ्यांत बाटलीत नुसती मिरची उरायला हवी होती. तसे होत नाही, कारण जी ती आपल्या मनाने दोन जिन्नस वाढवते आणि मग ते गुपित राखते.

पाककृती सांगण्याची पद्धतही अभ्यासण्यासारखी आहे. टोरांटोची नात फोनवर वही घेऊन बसते. "आजी, नारळाचं दूध किती?" "लागेल तेवढं." "पण किती लागेल?" "पीठ सांगतं ना!" टोरांटोचे पीठ काही सांगत नाही. साखर "गोड होईपर्यंत", तूप "हात सुटेपर्यंत" आणि भाजायचे "वास येईपर्यंत". फार आग्रह केला तर आजी कपाचे माप देते; तो कप म्हणजे मांडणीवरचा दांडी तुटलेला एक विशिष्ट कप असतो आणि त्याची दुसरी प्रत जगात नाही. नातीचे कुलकुल दगडासारखे झाले, तर दोष कॅनडातल्या मैद्याला दिला जातो. आजीच्या शब्दांना दोष द्यायची सोय कुणी ठेवलेली नाही.

कुलकुल हा पदार्थ मुळात गप्पांसाठीच निघाला असावा. मैदा, थोडा रवा, अंडी आणि नारळाचे दूध एकत्र मळायचे, बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून पसरायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची. मग तळायचे आणि साखरेच्या पाकात घोळवायचे. एकट्या माणसाने करायचे ठरवले तर ख्रिस्तजन्म उलटून जाईल, म्हणून डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी सगळे घर चटईवर बसते. हात गुंतलेले असल्यामुळे कुणालाही मोबाइल घेता येत नाही. एवढी शांतता आणि एवढा वेळ मिळाल्यावर घराण्याचा इतिहास निघणारच. कुणाच्या आजोबांनी केळीची बाग कितीला विकली, विरारच्या इमारतीत ती जागा आज कितीची झाली असती, कुणाची मुलगी दुबईला काय करते आणि अजून लग्नाचे का बघत नाहीत. लग्नांचा विषय अटळ असतो, कारण नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात सहसा लग्ने लावत नाहीत आणि ती सगळी नाताळनंतर एकदम अंगावर येतात. विषय रंगला की कुलकुले मोठी होऊ लागतात. बोराएवढी गोळी लिंबाएवढी झाली म्हणजे कुणाचे तरी लग्न मोडल्याची हकिगत चालू आहे असे समजावे. मुलांनी केलेले आकार वेगळे तळतात आणि तेच आधी संपतात.

पुरुषांना या चटईवर फार वेळ बसू देत नाहीत. त्यांच्याकडे गोठा आणि नक्षत्रकंदील. गोठ्याचा आराखडा दरवर्षी नव्याने आखला जातो, त्यात धबधबा घालण्याचा ठराव होतो, मोटार आणली जाते आणि 23 तारखेला बाळ येशूच्या गव्हाणीत पाणी शिरते. मेंढपाळ आणि राजे यांच्या मापांत कधीच मेळ नसतो; उंट हरवलेला असल्यास प्लॅस्टिकचा जिराफ चालवून घेतात. या विषयावर घरात जी चर्चा होते तिच्यात पाककलेची खोली नाही, म्हणून तिचा विस्तार इथे केलेला नाही.

केकचा भाग त्यामानाने सुटसुटीत. बेदाणे, मनुका, चेरी आणि संत्र्याची साल आधीच काही आठवडे रममध्ये भिजत ठेवलेली असते. बरणी नीट भिजते आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी काकांनी स्वखुशीने घेतलेली असते आणि नाताळ जवळ येईल तसतशी रम कमी व बेदाणे कोरडे होत जातात. त्याला बाष्पीभवन म्हणतात. घरोघरी ओव्हन येण्यापूर्वी केकचे साचे जवळच्या बेकरीच्या भट्टीत भाजायला न्यायचे. आपलाच साचा परत मिळावा म्हणून त्यावर खूण करीत, आणि तरीही गेल्या वेळचा आपला केक दुसऱ्याच घरात खाल्ला गेला, असा संशय काही घरांत अजून तेवत आहे.

खरी वादावादी दुपारच्या जेवणावर. फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे मुठीतून तेलात सोडलेले गोळे, हवेतच; पूर्वी पीठ ताडीने आंबवत, आता यीस्टने, आणि ताडीच्या फुग्यांची चव गेली ही खंत ज्यांनी ते खाल्ले नाहीत तेही व्यक्त करतात. डुकराच्या मांसाचा इंद्याल हवाच. बदकाचे मोईल करायचे की नाही यावर मतदान होते आणि ते होतेच. मग धाकटी सून आठवण करून देते की बाबांचे कोलेस्टेरॉल वाढले आहे, डॉक्टरांनी पोर्क बंद सांगितले आहे. बाबा म्हणतात, "डॉक्टरांनाच बोलाव जेवायला." डॉक्टर येतात आणि दोनदा वाढून घेतात. एक भाचा यंदा शाकाहारी झालेला असतो. त्याच्यासाठी काय करायचे यावर बराच वेळ विचार होऊन "चिकन आहे ना" असा निर्णय लागतो.

सोयरीक नगरकडची असली तर गप्पांना नवे अंग फुटते. अमेरिकन मराठी मिशनने तिकडे 1831 मध्ये काम सुरू केले. त्या परंपरेतल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शेव, चकल्या, लाडू असा रीतसर फराळ होतो. नगरच्या विहीणबाई डबाभर चकल्या घेऊन येतात, वसईच्या विहीणबाई सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, पुढे करतात, आणि चकली मऊ का झाली याचे कारण वसईची दमट हवा आहे यावर दोघींचे तत्काळ एकमत होते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन पंथ इतक्या लवकर जवळ आल्याचे उदाहरण धर्मशास्त्रात विरळाच. केकमधल्या रमचा विषय मात्र तेवढ्या वेळापुरता कुणी काढत नाही.

शेजाऱ्यांचे खाते वेगळे. दिवाळीला आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून तो महिनाभर ओट्यावर थांबतो. नाताळच्या आदल्या दिवशी त्यात कुलकुल, नेवऱ्या, केक भरून मुलांच्या हाती पाठवतात. केकमध्ये अंडे आहे हे मुलांनी दारातच सांगायचे असते. ते विसरतात, आणि शेजारच्या काकू विचारायचे विसरतात. डबा आता शेजाऱ्यांच्या ओट्यावर थांबतो, संक्रांतीपर्यंत. मूळ डबा कोणत्या घरचा होता हे दोन्ही घरांना आता सांगता येत नाही.

परदेशी नातेवाइकांसाठी न्यायच्या सामानावर एक स्वतंत्र बैठक होते. आखातातल्या काही देशांत खसखस नेता येत नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्यांच्या बॅगेतला बाटली मसाला बिनखसखशीचा असावा लागतो. ऑस्ट्रेलियात सोबतचे खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात आणि घरी केलेले मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. हे भाच्याने तीनदा समजावून सांगितल्यावर मावशी विचारते, "पण लोणचं म्हणून सांगितलं तर?"

24 तारखेची संध्याकाळ फोनांची. मेलबर्नला रात्रीचे बारा वाजतात तेव्हा वसईत साडेसहा झालेले असतात आणि घरात तळण चालू असते. तिकडे भर उन्हाळा, इकडे आजीच्या खांद्यावर शाल. दुबईचे बारा वसईच्या दीड वाजता आणि टोरांटोचे बारा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. म्हणजे एकाच कुटुंबाचा ख्रिस्तजन्म सोळा तास चालतो आणि प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच, "काय काय केलंस?" मधल्या वेळात मिस्सा होते. ती मराठीत असते. ज्या भागातल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, तिथे घरी परतताना प्रवचनातल्या शब्दांची चिरफाड व्हावी हे ओघाने आलेच. त्यानंतर कुणाच्या साडीचा रंग कसा होता, यावर अधिक सखोल चर्चा होते.

सोरपोतेलचे शेवटी सांगितले पाहिजे, कारण ते शेवटपर्यंत पुरवायचे असते. मांस आणि काळीज यांचे बारीक तुकडे उकडून, परतून, मसाला आणि व्हिनेगर घालून ते 22-23 तारखेलाच शिजवतात आणि रोज एकदा गरम करतात. व्हिनेगर मुरत जाते तशी चव वाढते. 25 तारखेला पाहुण्यांसमोर येते ते मोठ्या पातेल्यातले. जाणकार थोरल्या बाईने एक लहान पातेले बाजूला काढून ठेवलेले असते आणि ते 27 तारखेला काढतात. तेव्हा ज्याला वसईत सोरपोतेल खायचे आहे त्याने 27 ला जावे, "जेवून आलोय" असे म्हणू नये, आणि लहान पातेल्याची थेट चौकशी करावी.