नव्वद दिवसांचं माहेर

आमच्या साताऱ्याकडे पाहुण्याला ‘किती दिवस राहणार?’ असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर पाहुणा संध्याकाळच्या एसटीनं निघतो आणि पुढच्या लग्नात त्या घरच्या पंगतीला बसत नाही. जर्मनीनं मात्र हा प्रश्न आम्हाला अर्जातच विचारला. उत्तरही त्यांनीच ठरवून ठेवलं होतं: जास्तीत जास्त 90.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण लेक म्युनिकला. डॉक्टर तिथला, विमा तिथला, जावईबापूंची रजाही तिथलीच. तेव्हा लेकीनं माहेरी येण्याऐवजी माहेरच विमानात बसवायचं ठरलं.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात 31 वर्षं काढली. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्यात गेली. त्यामुळे ‘अर्ज तुम्हीच भरा’ असं ही म्हणाली, तेव्हा मला वावगं वाटलं नाही. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, विमा किमान 30 हजार युरोंचा, फी माणशी 90 युरो. सगळं कसं माझ्या स्वभावाला धरून होतं. पहिला अडथळा आला ‘जन्मावेळचं आडनाव’ या रकान्यात.

हिचं माहेरचं आडनाव लिहिणं सोपं होतं. पण माहेरी ही विमल होती. लग्नात आमच्या आईनं तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘मृणालिनी’ लिहिलं आणि विमल संपली. बाईचं आडनाव बदलतं हे युरोपीय संघाला ठाऊक आहे. पहिलं नावही तांदळात बदलतं, हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही. पुढे त्रुटी निघायला नको म्हणून मी हिचा शाळा सोडल्याचा दाखला आपणहून जोडला. मुंबईच्या व्हिसा केंद्रात खिडकीपलीकडच्या मुलीनं तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘काका, या विमल कोण? त्यापण येतायत का?’’

खरा मानभंग पुढेच होता. आमचा खर्च कोण करणार, याची हमी जावईबापूंनी तिथल्या सरकारी कचेरीत पगाराचे कागद दाखवून लिहून दिली होती. त्या कागदाला ‘फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ म्हणतात. नुसतं नाव उच्चारण्यात 90 पैकी दोन दिवस जावेत. राहणं, खाणं, आजारपण, वेळ पडल्यास परत पाठवण्याचा खर्च, सगळं त्यांच्या शिरावर. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणाऱ्या घरातला मी. आणि माझ्या जेवणाची हमी जावयानं परक्या सरकारला दिलेली! आपल्याकडे आईवडिलांना सांभाळायला 2007 साली कायदा करावा लागला. सासू-सासऱ्यांना सांभाळण्याचा हा लेखी पुरावा हिनं झेरॉक्स काढून नणंदांना दाखवला.

‘‘आपण कुटुंबातले, मग तीनच महिने का?’’ ही विचारायची. जर्मन कायद्याच्या हिशेबी कुटुंब म्हणजे मुख्यतः नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. आपली लेक नवऱ्याकडे गेली ती कौटुंबिक व्हिसावर. नवरा ‘ब्लू कार्ड’ नावाच्या नोकरीच्या परवान्यावर, म्हणून तिची भाषेची परीक्षाही टळली. एरवी बहुतेक बायकांना नवऱ्याकडे नांदायला जाण्याआधी ‘ए-1’ पास व्हावं लागतं. पूर्वी मुलगी बघायला आल्यावर चालून दाखव, गाऊन दाखव म्हणायचे. आता जर्मन बोलून दाखव. 1 मार्च 2024 पासून ज्यांना पहिला परवाना मिळाला, अशा काही कुशल नोकरदारांना आईवडील आणि सासू-सासरेही राहायला नेता येतात. आमच्या जावयाचा परवाना 2021 चा. तेव्हा आम्ही पाहुणेच.

व्हिसा हातात आला आणि मी 1 मे ते 31 जुलै अशी तिकिटं काढली. रात्री जावईबापूंचा फोन. ‘‘बाबा, हे 92 होतात.’’ तीन महिने वेगळे आणि 90 दिवस वेगळे. शिवाय पोचल्याचा दिवस धरायचा आणि निघाल्याचाही धरायचा. सुतकाचे दिवस मोजावेत तसं हिनं बोटांवर मोजून पाहिलं आणि निकाल दिला, ‘‘29 जुलै.’’ लेखा विभागाची 31 वर्षं त्या बोटांच्या पेरांवर पाण्यात गेली.

सामानातही नियम शिरले. दूध-दुभतं न्यायला बंदी, म्हणून दोन किलो साजूक तूप शेजारी गेलं. हापूसला रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणून पेटी घरीच राहिली. दाखल्याविना चालणारी फळं पाच: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. ‘‘नारळ चालतो?’’ ही म्हणाली. ‘‘मग माणसं वळणाची आहेत.’’ ओटीपुरते नारळ, डिंक, हळीव आणि खारीक एवढं घेऊन आम्ही निघालो.

म्युनिकच्या खिडकीत अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात? माझ्या आधी ही म्हणाली, ‘‘डिलिव्हरी.’’ त्यानं आमच्या बॅगांकडे रोखून पाहिलं. काय पोचवायला आलात, असा पुढचा प्रश्न आला. हिनं दोन्ही हातांचा पाळणा करून हलवून दाखवला. तो हसला आणि शिक्का बसला.

बाळ 20 मेला झालं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर हिनं दोन रंगांत आकडे लिहायला घेतले: निळ्यानं बाळाचं वय, लाल शाईनं आमचे उरलेले दिवस. बारशाला निळे 12 होते, तर लाल 59. एक दिवस जावयानं आम्हाला ऑस्ट्रियात साल्झबुर्गला नेलं. देश बदलला, मग आजचा दिवस मोजायचा नाही ना, अशी हिला आशा. पण शेंगेन करारातले 29 देश मिळून दिवस एकच. पाच देशांनी 1985 साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी, मोझेल नदीत बोटीवर बसून हा करार केला, असं मी तिला सांगितलं. ‘‘29 खोल्यांचं घर आणि पाहुण्याला दिवस मोजून,’’ ती म्हणाली.

28 जुलैला विहीणबाई आल्या, त्यांचे 90 घेऊन. मी रीतसर चार्ज दिला: धुरी, वेखंड, तेलाची वाटी, लंगोट 14, दुपटी 9. हिनं मात्र सही न घेता एकच वस्तू हवाली केली, तीही दोनदा परत मागून घेऊन.

29 तारखेला अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, येतानाचा शिक्का शोधला आणि मोजायला लागला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. ऑडिटला बसलो की माझाही असाच व्हायचा. त्रुटी निघाली नाही. बाळ 71 दिवसांचं झालं होतं, आम्ही 90. आता म्हणे शिक्के जाऊन यंत्रं आली आहेत; 12 ऑक्टोबर 2025 पासून ती टप्प्याटप्प्यानं बसत गेली आणि चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन तीच दिवस मोजतात.

अधिकारी म्हणाला, ‘‘आउफ वीडरझेएन.’’ म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत, असं लेकीनं शिकवलं होतं. उंबऱ्यावर म्हणावं तसं ही त्याला म्हणाली, ‘‘येते हं.’’

नियमानं पुन्हा कधी येता येईल, याचा मी विमानात बसल्यावर हिशेब केला. 28 ऑक्टोबर.