अंथरूण पाहून वॅट

लॅपटॉपच्या चार्जरवर मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, म्हणजे ६५ वॅट. तो वाचण्याची प्रथा नाही. पिन बसली की चार्जर जुळला, असे मानतात; आणि यूएसबी-सी आल्यापासून सगळ्याच पिना सगळीकडे बसतात.

६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला फोनचा १८ वॅटचा चार्जर लावला, तर काही लॅपटॉप तो सरळ नाकारतात. सोशिक लॅपटॉप तो स्वीकारतात, प्रोसेसरचा वेग उतरवतात आणि तरीही भार पेलला नाही की उरलेली वीज बॅटरीतून काढतात. वायर जोडलेली असूनही बॅटरी घसरत जाते. चार्जिंगचे चिन्ह मात्र झळकत राहते, सरकारी काम प्रगतिपथावर असते तसे.

जास्त वॅटने लॅपटॉप जळतो, ही भीती मात्र फुकटची. चांगला यूएसबी-सी चार्जर फक्त आपली क्षमता जाहीर करतो. किती घ्यायचे ते लॅपटॉप ठरवतो. म्हणून १०० वॅटचा चार्जर ६५ वॅटच्या लॅपटॉपला अधिक वेगवान करत नाही. जादा ३५ वॅटचा लाभ दुकानदाराला होतो. त्यातही केबल साधी ३ अँपिअरची असेल, तर २० व्होल्टला ६० वॅटच्या पुढे काही जात नाही.

वेळेचा हिशेबही सरळ नसतो. बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. पुढे ती स्वतःच प्रवाह कमी करत नेते, आणि तिथे २४० वॅटचा चार्जरही नुसता बसून असतो.