भांग उजवीकडे

(सलून. आज सोमवार नाही, म्हणून उघडं आहे. खुर्चीत तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. बाकावर नंबर लावून बसलेला कॉलेजकुमार.)

प्राध्यापक : या वेळी भांग उजवीकडे पाडा. माणसाला साठीनंतरही स्वतःला बदलता आलं पाहिजे.

दुकानदार : पाडतो सर. पण टिकणार नाही.

प्राध्यापक : का? डोकं माझं आहे.

दुकानदार : डोकं तुमचं, पण भोवरा आईच्या पोटातून आलाय. (मागे आरसा धरून) हा बघा. केस इथून फिरत फिरत एका अंगाला पडतात. उलटा भांग पाडला की दुपारच्या चहापर्यंत कोंबड्यासारखा तुरा. आम्ही पाणी मारतो, जेल लावतो, पण शेवटी भोवऱ्याचंच चालतं.

कॉलेजकुमार : जीन्स, काका! अमेरिकेत दोन जुळे भाऊ जन्मल्यावर चार आठवड्यांनी वेगवेगळ्या घरी दत्तक गेले. १९७९ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर भेटले. दोघांचं नाव जिम. पहिली बायको दोघांचीही लिंडा, दुसरी बेटी. कुत्र्याचं नावसुद्धा दोघांनी टॉयच ठेवलेलं.

दुकानदार : दुसरी बायकोपण? मग डोक्यावर दोन-दोन भोवरे असणार. दोन भोवरे, दोन लग्नं!

प्राध्यापक : अंधश्रद्धा आहे ती. आणि जुळ्यांमधलं जुळतं तेवढंच छापून येतं. न जुळलेल्याची बातमी कोण करतो?

दुकानदार : त्या दोन लिंडांना विचारलं का कुणी? त्यांचं काही मत होतं की नाही?

कॉलेजकुमार : बरं, जुळे सोडा. बेंजामिन लिबेट, १९८३. त्याने लोकांना सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं कधी वाटलं ते घड्याळात बघून सांगा. तर असं वाटण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली! ठरतं आधी, आपल्याला कळतं नंतर.

दुकानदार : (वस्तरा प्राध्यापकांच्या गळ्यापाशी) म्हणजे आत्ता माझ्या मेंदूने काहीतरी ठरवून टाकलंय, आणि ते मलाच माहीत नाही?

प्राध्यापक : (ओठ न हलवता) पुढचं सांग रे त्यांना! लवकर!

कॉलेजकुमार : हां, कळल्यापासून हात हलेपर्यंत साधारण दोन दशांश सेकंद उरतात. लिबेटचं म्हणणं, तेवढ्यात माणूस 'नको' म्हणू शकतो.

दुकानदार : मग झालं तर. तेवढ्यावरच आमचा धंदा चाललाय. (वस्तरा पुसतो.)

प्राध्यापक : (मोठा श्वास सोडून) गीतेतही हीच गंमत आहे. अठराव्या अध्यायात, ५९व्या श्लोकात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो, तू नाही म्हणालास तरी तुझा स्वभावच तुला लढायला लावेल. आणि ६३व्यात म्हणतो, नीट विचार कर आणि तुला हवं ते कर!

दुकानदार : आमचे वडीलही असंच म्हणाले होते. तुला काय करायचं ते कर, फक्त उद्या सकाळी सातला दुकान उघड.

प्राध्यापक : पण तुमचा मुलगा? इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून सलून काढलं, ते तर स्वतःच्या मर्जीनेच ना?

दुकानदार : पाव्हणे म्हणतात, रक्तातच आहे. मी म्हणतो, कर्जात आहे. कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून घेत होते. इकडे माझे गुडघे गेले. मग त्याने मनापासून सलून निवडलं. पाटीवर 'हेअर स्टुडिओ' लिहिलं, एसी लावला, त्याचे हप्ते अजून चालूच आहेत. पण फेड मारताना बघा त्याला. मशीन दोन नंबरवरून एकवर आणताना श्वास रोखून धरतो, आणि कानामागे कुठे काळं संपलं नि कुठे पांढरं सुरू झालं ते मलाही दिसत नाही. हे मी शिकवलेलं नाही. माझ्या वडलांनी तर मशीन हातातही धरलं नव्हतं. आता हे कुठल्या रक्तातून आलं?

कॉलेजकुमार : यूट्यूबमधून.

दुकानदार : ते सगळेच बघतात रे. तूही बघतोस. (फडकं झटकत) झालं सर. दीडशे.

प्राध्यापक : गेल्या खेपेला शंभर होते!

दुकानदार : मी नाही वाढवले. मेंदूने आधीच वाढवले होते, मला आत्ता कळलं.

प्राध्यापक : मग मी 'नको' म्हणतो!

दुकानदार : ते दोन दशांश सेकंद गेले सर.